वाफेचा जमाखर्च

दगडी कोळसा जाळणाऱ्या वीजकेंद्राच्या धुराड्यातून जो वायू बाहेर पडतो, त्यात कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण शेकडा १२ ते १४ च्या आसपास असते आणि उरलेला बहुतांश नायट्रोजनच असतो. या दोहोंना विभक्त करण्याची जी रीत १९३० साली बॉटम्स नावाच्या अमेरिकन संशोधकाच्या पेटंटाने दप्तरी नोंदली गेली, तीच रीत, काही फेरफारांनिशी, आजही जगभर अंमलात आहे. पाण्यात विरघळविलेले अमाइन ४० अंशांच्या सुमारास हा वायू धरून ठेवते, १२० अंशांपर्यंत तापविले म्हणजे तो सोडून देते आणि मोकळे झालेले द्रावण पुन्हा पहिल्या मनोऱ्याच्या माथ्यावर नेऊन ओतले जाते. इतक्या सरळ चक्रात संशोधनाला वाव तो कोणता राहिला, असे पुष्कळांना वाटते, आणि ज्या विषयात मी आजवरची उमेद खर्ची घातली त्याविषयीची ही शंका मला मुळीच गैरवाजवी वाटत नाही.

खरा प्रश्न वायू किती शोषला जाईल हा नसून किती वेगाने शोषला जाईल हा आहे, कारण मनोऱ्याची उंची, आणि उंचीबरोबर त्याचा खर्च, वेगावर ठरतो. या वेगाच्या शास्त्राशी मुंबईचा संबंध जुना आहे. द्रवाचा पृष्ठभाग स्थिर नसून आतील द्रवाचे नवनवे अंश क्षणोक्षणी वर येत असतात, हा सिद्धांत १९५१ मध्ये मांडणाऱ्या पीटर डँकवर्ट्स यांच्यापाशी केंब्रिजला शिकून मनमोहन शर्मा १९६४ साली माटुंग्याच्या रासायनिक तंत्रज्ञान विभागात प्राध्यापक म्हणून रुजू झाले. आणि अल्कली व अमाइनांच्या द्रावणातील कार्बन डायऑक्साइडच्या शोषणावर या गुरुशिष्यांनी १९६६ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रदीर्घ निबंध आमच्या क्षेत्रात आजही चाळला जातो. (डँकवर्ट्स यांना जॉर्ज क्रॉस मिळाला होता तो मात्र या कामगिरीबद्दल नव्हे, तर महायुद्धात लंडनवर टाकलेले सुरुंग निकामी केल्याबद्दल, ज्याने असले काम केले त्याला द्रवाच्या पृष्ठभागाची भीती ती काय वाटणार!)

वेग मोजण्याचा आमचा सरंजाम दिसायला अगदी साधा आहे. काचेचे एक पात्र, त्याच्या तळाशी द्रावण, वर कोंडलेला वायू आणि दोहोंत फिरणाऱ्या दोन ढवळण्या. वायू जसजसा द्रावणात उतरतो तसतसा वरचा दाब घसरतो, आणि त्या घसरणीवरून दर चौरस सेंटिमीटर पृष्ठभागातून दर सेकंदाला किती वायू आत गेला याचा हिशेब निघतो. अट एकच, की पृष्ठभाग आरशासारखा सपाट राहिला पाहिजे. ढवळणी किंचित जोराने फिरून त्यावर तरंग उठले, की क्षेत्रफळ किती हे कोणालाच सांगता येत नाही आणि त्या दिवसाचे आकडे बाद होतात. नव्या विद्यार्थ्याच्या स्वभावाची पारख या पात्रापुढे जितकी लवकर होते, तितकी त्याच्या गुणपत्रिकेवरून होत नाही.

जुन्या मोनोइथेनॉलअमाइनची अडचण अशी, की वायूचा एक रेणू बांधून कार्बामेट बनविताना अमाइनचे दोन रेणू खर्ची पडतात. आणि बांधणी इतकी घट्ट, की ती सोडवताना टनामागे साडेतीन ते चार गिगाज्यूल उष्णता मोजावी लागते. ही उष्णता वीजकेंद्राला स्वतःच्याच वाफेतून द्यावी लागते, अर्थात तितक्या अंशाने वीज घटते. १९८३ मध्ये सार्टोरी व सॅव्हेज यांनी दाखवून दिले, की नायट्रोजनाशेजारी मिथिल गटांची गर्दी करून ठेवली तर कार्बामेट टिकत नाही, बायकार्बोनेट बनते, आणि एका रेणूला एकच अमाइन पुरते. पण असे अमाइन स्वभावाने मंद असते. म्हणून त्यात थोडेसे चपळ पिपराझीन मिसळायचे, आणि किती मिसळायचे याचा शोध घ्यायचा, हाच आमच्या अलीकडच्या कामाचा गाभा आहे.

या कामात संगणकावर रेणूंची ऊर्जा काढणारे एक सहकारी आहेत, गंजाचा अभ्यास करणाऱ्या एक विदुषी आहेत, आणि बॉयलरपाशी आयुष्य घालविलेले एक अनुभवी गृहस्थही आहेत. पहिल्यांनी एकदा मोठ्या उत्साहाने एक नवा रेणू सुचविला. तो कागदावर देखणा होता यात वाद नाही. पण वायू शोषल्यावर त्याचे द्रावण इतके दाटले, की पंपाला ते पेलवेना. बाईंनी त्याला पोलादी पट्ट्यांची परीक्षा घालून पाहिली आणि प्राणवायूच्या सान्निध्यात त्याचे विघटन होऊन रंग तपकिरी होतो हे दाखविले. बॉयलरवाल्यांनी सर्व चर्चा शांतपणे ऐकून एवढेच विचारले, "साहेब, वाफ किती खाणार ते सांगा ना." नियतकालिकांतून नित्य अवतरणाऱ्या नव्या द्रावकांचे पुष्कळसे निबंध वाचताना मला हा प्रश्न आठवतो, कारण त्यांत शोषणाचे आकडे ठळकपणे दिलेले असतात, आणि श्यानता, गंज व वाफ यांचा उल्लेख मात्र आढळत नाही.

याच गृहस्थांमुळे आमचे लक्ष पश्चिम महाराष्ट्रातील साखर कारखान्यांच्या आसवन्यांकडे वळले. मळीतील साखर किण्वनाने आंबते तेव्हा टनभर अल्कोहोलामागे जवळजवळ तितक्याच वजनाचा कार्बन डायऑक्साइड निघतो, तोही बव्हंशी शुद्ध. काही आसवन्या तो गोळा करून शीतपेये व शुष्क बर्फ यांच्या धंद्याला विकतात. इतर कित्येक ठिकाणी तो पिंपाच्या तोंडातून बिनदिक्कत हवेत जातो. येथे अमाइनाचे कामच नाही. बरोबर आलेले अल्कोहोल पाण्याने धुऊन काढायचे, गंधकाची संयुगे सक्रिय कोळशावर अडकवायची, वायू कोरडा करून दाबायचा, की झाले. अडचण आहे ती किण्वनाच्या चढउताराची, कारण पहिल्या काही तासांत वायू जेमतेम येतो, मग एकदम लोंढा लागतो, आणि काँप्रेसर कोणत्या मापाचा घ्यावा हे ठरत नाही. चार पिंपांच्या वेळा एकमेकींपासून सरकवून हा लोंढा सपाट करता येईल असा आमचा अंदाज आहे. पुढच्या गाळप हंगामात तो ताडून पाहण्याची तजवीज चालू आहे, आणि तूर्त धुराड्याच्या प्रस्तावाचा मसुदा दुसऱ्या क्रमांकावर ठेवला आहे.