पडद्यावर उजळ, कागदावर काळपट

जुन्या अल्बममधला आजीचा फोटो स्कॅन करायचा, संगणकावर त्यावरचे डाग काढायचे आणि भिंतीवर लावण्यासाठी घरच्या प्रिंटरवर छापायचा, हे आता सहज जमते. पण पडद्यावर प्रसन्न दिसणारा आजीचा चेहरा कागदावर काळपट उतरतो. कधी त्यावर लालसर झाक येते. शाई खराब असेल म्हणून नवे कार्ट्रिज आणले जाते, तरी दुसरी प्रत तशीच निघते. अशा वेळी दोष बहुधा शाईचा नसतो. पडद्यावरचा रंग कागदावर आणताना होणाऱ्या ‘भाषांतरा’त गडबड झालेली असते.

पडदा लाल, हिरवा आणि निळा प्रकाश मिसळून रंग तयार करतो. कागदाला स्वतःचा प्रकाश नसतो. त्याच्यावरची शाई खोलीतल्या प्रकाशाचा काही भाग शोषून घेते आणि उरलेला प्रकाश डोळ्यांपर्यंत पोहोचतो. सायन शाई लाल प्रकाश शोषते, मॅजेंटा हिरवा आणि पिवळी निळा. त्यामुळे पडद्यावर झळाळणारा साडीचा पोपटी काठ किंवा गर्द निळा रंग कागदावर हुबेहूब उतरेलच असे नाही. काही रंग शाईच्या आवाक्याबाहेरच असतात.

त्यात आपला डोळा चटकन जुळवून घेतो. पिवळ्या बल्बखालीही पांढरा कागद आपल्याला पांढराच वाटतो. प्रखर पडद्यासमोर काही वेळ बसले की ती प्रखरता नेहमीची वाटू लागते. मग फोटो ‘जरा जास्तच उजळ’ म्हणून गडद केला जातो आणि कागदावर तो काळवंडतो. म्हणूनच रंग ठरवताना नुसत्या नजरेवर भिस्त ठेवता येत नाही.

रंगांचा दुभाषा

माणसाचा डोळा रंग कसा पाहतो, याचे प्रमाण मोजमाप प्रकाशविषयक आंतरराष्ट्रीय आयोगाने १९३१ मध्ये निश्चित केले. आजचे रंग-व्यवस्थापन त्याच पायावर उभे आहे. प्रत्येक पडदा आणि प्रत्येक प्रिंटर-कागद जोडी कोणता रंग कसा दाखवते, याची नोंद ‘प्रोफाइल’ नावाच्या छोट्या फाइलमध्ये असते. संगणक ती पाहून एका उपकरणाचे आकडे दुसऱ्याच्या आकड्यांत बदलतो. कागद चकचकीत आहे की मॅट, यावर शाई किती शोषली जाते हे ठरते, म्हणून कागद बदलला की प्रोफाइलही बदलावे लागते.

छापण्यापूर्वी

• पडद्याची प्रखरता कमी करावी. पडद्याशेजारी कोरा पांढरा कागद धरावा. पडद्यावरचा पांढरा भाग त्याहून फार झगझगीत दिसू नये. ‘नाइट मोड’ बंद ठेवावा, कारण तो पडद्यावर पिवळसर छटा आणतो.

• फोटो ‘एसआरजीबी’ या रंगप्रणालीत साठवावा. १९९६ मध्ये पुढे आलेली ही प्रणाली बहुतेक पडदे आणि घरगुती प्रिंटर ओळखतात.

• प्रिंटरच्या सेटिंगमध्ये ट्रेमध्ये ठेवलेल्याच कागदाचा प्रकार निवडावा. फोटो पेपर घालून ‘प्लेन पेपर’ निवडल्यास शाईचे प्रमाणच चुकते.

• रंगांची जबाबदारी एकाकडेच द्यावी, सॉफ्टवेअरकडे किंवा प्रिंटरकडे. दोघांनीही दुरुस्ती केली, तर एकाच फोटोचे दोनदा भाषांतर होते. चेहऱ्यावरच्या लालसर झाकेचे हे एक नेहमीचे कारण आहे.

• नोझल तपासणीचे पान काढून सगळ्या शाया नीट येत आहेत ना, हे पाहावे. मगच फोटोतल्या चेहऱ्याच्या भागाची छोटी प्रत छापावी.

ही प्रत वाळू द्यावी. ओली असताना तिचे रंग वेगळे दिसू शकतात. मग ती खिडकीपाशी दिवसाच्या उजेडात पाहावी आणि फोटो जिथे लावायचा त्या भिंतीपाशीही धरून पाहावी. खिडकीत जुळलेले दोन रंग ट्यूबलाइटखाली वेगळे दिसू शकतात. सतत फोटो छापणाऱ्यांनी पडदा मोजणारे कॅलिब्रेशन उपकरण घ्यावे. वर्षातून दोन-चार फोटो छापणाऱ्या घरात मात्र वरची काळजी पुष्कळदा पुरते.

प्रत मनासारखी आली की फोटो काचेच्या फ्रेममध्ये, थेट ऊन न येणाऱ्या भिंतीवर लावावा. उन्हाने शाई फिकी पडते. दुरुस्त केलेली मूळ फाइलही जपून ठेवावी, म्हणजे गावी राहणाऱ्या काका-आत्यांना तशीच प्रत पुन्हा काढून देता येईल.