न जाणवणारी ठिणगी : इलेक्ट्रॉनिक उपकरणे हाताळताना घ्यावयाची दक्षता

पेडणे तालुक्यात तुये येथे इलेक्ट्रॉनिक उत्पादन संकुलासाठी सुमारे ६ लाख चौरस मीटर जागा मुक्रर करण्यात आली आहे. केंद्र शासनाने २०१२ साली जाहीर केलेल्या योजनेखाली हे संकुल आखण्यात आले. त्याच तालुक्यातील मोपा येथील विमानतळावरून जानेवारी २०२३ पासून विमानांची ये-जा सुरू झाली. पेडणे व डिचोली या दोन्ही ठिकाणी शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्था आहेत, आणि तेथून बाहेर पडणाऱ्या मुलामुलींच्या नजरा साहजिकच अशा नव्या कामांकडे लागलेल्या असतात. या कामांत पाना-पकड चालविण्याचे कौशल्य तर लागतेच. पण त्याआधी स्वतःच्या शरीराविषयी एक गोष्ट ठाऊक असावी लागते. चालताबोलता माणसाच्या अंगावर विजेचा संचय होत असतो, आणि त्याच्या बोटाच्या एका स्पर्शाने महागडी वस्तू निकामी होऊ शकते.

या विजेला स्थितिक विद्युत असे म्हणतात. ती नवी नाही. राळेपासून बनलेला तृणमणी लोकरीवर घासला की गवताची काडी ओढून घेतो, हे प्राचीनांना ठाऊक होते. त्या मण्याच्या नावातच ही गोष्ट सामावलेली आहे. केस विंचरलेला कंगवा कागदाचे कपटे उचलतो, नायलॉनची साडी पायांना चिकटते, टेरिलिनचा सदरा काढताना अंधारात चटचट असा आवाज होतो, हे सारे त्याच विजेचे खेळ होत. दोन भिन्न पदार्थ एकमेकांना टेकून विलग झाले की एकावरील इलेक्ट्रॉन दुसऱ्यावर जातात. पदार्थ सुवाहक असेल तर हा प्रभार वाहून जातो. प्लॅस्टिक, थर्माकोल, कृत्रिम धागा यांवर तो साठून राहतो.

आमच्याकडील दमट हवेत हा प्रश्न उद्भवतच नाही, असा एक समज आहे. तो अर्धाच खरा आहे. हवा दमट असली की वस्तूंच्या पृष्ठभागावर पाण्याचा अतिसूक्ष्म थर बसतो व त्यातून प्रभार हळूहळू निघून जातो, हे निश्चित. पण किती निघून जातो, हे पाहण्यासारखे आहे. अमेरिकेच्या संरक्षण खात्याने १९८० साली काढलेल्या मार्गदर्शिकेतील आकडे आजही उद्धृत केले जातात. व्हिनाईलच्या फरशीवरून चालणाऱ्या माणसाच्या अंगावर कोरड्या हवेत १२,००० व्होल्टपर्यंत दाब निर्माण होतो. सापेक्ष आर्द्रता ६५ ते ९० टक्के असेल तेव्हा तो २५० व्होल्टवर येतो. साधी पॉलिथिनची पिशवी टेबलावरून उचलताना कोरड्या हवेत २०,००० व्होल्ट, तर दमट हवेत १,२०० व्होल्ट. आता दुसरी बाजू पाहू. आजच्या अनेक सूक्ष्म घटकांना १०० व्होल्टच्या आसपासचा धक्काही बाधू शकतो. म्हणजे आषाढातल्या धो धो पावसातही ती पिशवी निरुपद्रवी ठरत नाही. मार्गशीर्ष-पौषात घाटाकडून मतलई वारे सुटतात, ओठ फुटू लागतात, तेव्हाची स्थिती तर वेगळी सांगावयास नको. वातानुकूलित खोलीतील हवाही बाहेरच्या मानाने कोरडीच असते.

जुन्या कचेऱ्यांत कोब्याची किंवा दगडाची फरशी असे आणि पुष्कळ माणसे अनवाणी वावरत. त्यामुळे प्रभार साठण्यास फारसा वाव नव्हता. शिवाय त्या काळच्या रेडिओतील काचेच्या नळ्यांना असल्या धक्क्याची क्षिती नव्हती. आजच्या चिपमधील विद्युतरोधक थर काही नॅनोमीटर जाडीचा असतो, आणि मिलिमीटरचा दहा लाखावा भाग म्हणजे एक नॅनोमीटर. इतक्या पातळ पडद्याला भोक पडण्यास ते किती लागणार?

खरी अडचण अशी की, माणसाला हा झटका जाणवण्यासाठी साधारणतः ३,००० व्होल्ट लागतात. त्याखालील सर्व विसर्जने आपल्या नकळत होतात. ठिणगी दिसत नाही, आवाज येत नाही, बोटाला मुंगीही येत नाही. आणि घटक मात्र दुखावलेला असतो. कित्येकदा तो तत्क्षणी बंद पडतही नाही. चाचणीत उत्तीर्ण होतो, यंत्रात बसतो, आणि काही आठवड्यांनी वा महिन्यांनी दगा देतो. असा दुखावलेला भाग आरोग्य केंद्रातील रुग्णाच्या हृदयाचे ठोके दाखविणाऱ्या यंत्रात असेल तर त्याची किंमत केवळ रुपयांत मोजता येणार नाही. कचेरीत मात्र बहुधा ‘पुरवठादाराने सदोष माल दिला’ असा शेरा फायलीवर पडतो व पत्रव्यवहार सुरू होतो. तो शेरा प्रत्येक वेळी खरा असतोच असे नाही.

संगणकाची पेटी उघडावयाची झाल्यास प्रथम वीजपुरवठ्याची दोरी काढावी. नंतर पेटीच्या रंग न दिलेल्या धातूला हात लावावा व मनगटी पट्टा त्याच धातूला चिमट्याने जोडावा. माणूस व यंत्र एकाच विद्युतपातळीवर आले की त्यांच्यामध्ये ठिणगी उडण्याचे कारण उरत नाही. सारे मर्म यातच आहे. पट्ट्याच्या वायरीत १० लाख ओहमचा रोध बसविलेला असतो. चुकून २३० व्होल्टच्या प्रवाहाशी संपर्क आलाच तर त्या वायरीतून पाव मिलिअँपिअरहूनही कमी प्रवाह वाहतो. काही हिकमती कारागीर साधी तांब्याची तार मनगटाला गुंडाळून अर्थिंगला जोडतात. ही काटकसर प्राणघातक आहे. तिचे कौतुक होता कामा नये. तसेच उच्च दाबाच्या चालू यंत्रावर काम करताना पट्टाही बांधू नये.

पट्टा बांधला म्हणजे सर्व झाले असे नव्हे. प्लॅस्टिक व थर्माकोल हे विद्युतरोधक असल्याने त्यांना जमिनीशी जोडून काही साधत नाही; ते दूर ठेवणे हाच उपाय. चहाचा थर्माकोलचा पेला, प्लॅस्टिकची फाईल, चिकटपट्टीची गुंडाळी उघड्या कार्डापासून निदान एक फूट लांब असावी. डिचोलीकडील खनिजाची तांबडी धूळ यंत्रांत शिरते हे खरे. पण ती काढण्यासाठी कोरड्या नायलॉनच्या फडक्याने वा घरगुती यंत्राच्या प्लॅस्टिकच्या नळीने आतील भाग पुसणे म्हणजे रोगापेक्षा औषध भयंकर. त्यासाठी प्रभार न साठविणारा खास ब्रश मिळतो.

अर्थिंगविषयी एक गोष्ट येथील भूमीमुळे सांगावी लागते. जांभ्या दगडाचे पठार वैशाखात इतके शुष्क होते की जमिनीचा विद्युतरोध वाढतो. मनगटी पट्ट्याच्या कामात त्याने विशेष बिघडत नाही. परंतु यंत्राच्या व माणसाच्या सुरक्षिततेसाठी अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात तपासून घ्यावा व त्यात पाणी घालीत जावे. पावसाळ्यात केलेल्या मोजणीवर विसंबून राहू नये.

राहता राहिल्या पिशव्या. नवे कार्ड चंदेरी पिशवीतून येते. ती पिशवी बंद असताना आतील वस्तूचे बाहेरच्या प्रभारापासून रक्षण करते. कार्ड बाहेर काढून पिशवीच्या वर ठेवल्यास हे रक्षण मिळत नाही. गुलाबी पिशवी स्वतः प्रभार निर्माण करीत नाही एवढेच. बाहेरून येणारा धक्का ती थोपवीत नाही. म्हणून चंदेरी पिशव्या केराच्या टोपलीत टाकू नयेत. बिघडलेले कार्ड दुरुस्तीला पाठवितानाही त्याच वापराव्यात. ‘आता बिघडलेलेच आहे’ म्हणून ते वर्तमानपत्रात वा पॉलिथिनमध्ये गुंडाळून बसने रवाना केले, तर मूळ दोष कोणता व वाटेत पडलेली भर कोणती, हे दुरुस्ती करणाऱ्यालाही सांगता येत नाही.