उंचावरचे वाकेनवीस

हिवाळ्याच्या तोंडावर हैदराबादहून एक सरकारी पत्रक निघते आणि मराठवाडा-विदर्भातल्या वर्तमानपत्रांत आतल्या पानावर चार ओळींची जागा मिळवते. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे मोठाले फुगे येत्या काही महिन्यांत आकाशात सोडले जातील. आपल्या शिवारात रंगीत पॅराशूट, लांब दोर आणि त्याला अडकवलेली खोकी पडलेली दिसली तर हात लावू नका, काही उपकरणांत उच्च दाबाची वीज असते, जवळच्या पोलीस ठाण्याला किंवा टपाल कार्यालयाला कळवा. सामान न उघडता सांभाळलेत तर योग्य बक्षीस मिळेल आणि कळवण्याचा खर्चही. सोबत तेलंगण, आंध्र, कर्नाटक आणि महाराष्ट्रातल्या जिल्ह्यांची भली मोठी यादी. बहुतेक वाचक ती ओलांडून पुढे जातात.

पत्रकात फुग्याचे मापही दिलेले असते: पातळ पॉलिथिनचा, हायड्रोजन भरलेला, पूर्ण फुगल्यावर 50 ते 85 मीटर व्यासाचा. 30 ते 42 किलोमीटर उंचीवर तो काही तास तरंगतो आणि वाऱ्याच्या लहरीप्रमाणे हैदराबादपासून 200 ते 350 किलोमीटर लांब जाऊ शकतो. मराठवाड्यातले खुलताबाद हैदराबादच्या वायव्येला, सरळ रेषेत साडेचारशे किलोमीटरच्या आसपास. म्हणजे खोके अंगणात पडण्याची शक्यता कमीच. पण पडणे वेगळे आणि दिसणे वेगळे. 35 किलोमीटर उंचीवरून क्षितिज साधारण 670 किलोमीटरवर असते. हैदराबादच्या डोक्यावर तरंगणाऱ्या फुग्याच्या क्षितिजाआड खुलताबाद जात नाही. धूळ, ढग आणि तिरपा कोन यांमुळे तिथून इथले काही ओळखता येणार नाही हे खरे. भूमितीची मात्र काही हरकत नाही.

उंचीचा हा हिशेब खुलताबादच्या पंचक्रोशीला नवा नाही. घाट उतरला की देवगिरीचा किल्ला लागतो. त्याचा सुळका पायथ्यापासून सुमारे 200 मीटर. मोकळ्या सपाटीवर इतक्या उंचीवरून 50 किलोमीटरपर्यंतचे क्षितिज दिसते. यादवांपासून निजामापर्यंत ज्याने त्याने हा डोंगर हातात ठेवायची धडपड केली, त्याला तटबंदी आणि खंदकाइतकेच हे 50 किलोमीटरही कारण होते.

आणि खुद्द खुलताबादेत औरंगजेबाची कबर आहे. आयुष्याची शेवटची पंचवीस वर्षे दख्खनमध्ये तंबू ठोकून बसलेला हा बादशहा बातम्यांवर जगत होता. मुघलांच्या बातमी खात्यात दोन तऱ्हेची माणसे असत. वाकेनवीस उघड नेमलेला. सुभेदाराला ठाऊक असे की हा आपल्या कारभाराचा अहवाल वर पाठवतो. खुफियानवीस गुप्त, त्याची ओळख सुभेदारालाही नसे. दोघे पाहत तेच, लिहीतही बऱ्याचदा तेच. दुसऱ्याची भीती अधिक, कारण तो कोण आणि कुठे बसला आहे हे कळायला मार्ग नव्हता. आजच्या उंच फुग्यांवरचा सगळा वाद याच फरकाभोवती फिरतो.

2023 च्या जानेवारीअखेर एक पांढरा गोळा अलास्कावरून, मग कॅनडावरून अमेरिकेत शिरला. 1 फेब्रुवारीला मोंटाना राज्यातल्या बिलिंग्ज गावच्या लोकांनी तो भर दिवसा पाहिला. त्याच राज्यात अमेरिकेची अण्वस्त्रवाहू क्षेपणास्त्रे जमिनीखाली ठेवलेली आहेत. फुगा सुमारे 60 मीटर उंच, खाली सौरपट्ट्या आणि उपकरणांचा सांगाडा, उंची 18 किलोमीटरच्या वर. चीन म्हणाला, हा आमचा हवामान संशोधनाचा फुगा, वाट चुकला. अमेरिका म्हणाली, हेर. 4 फेब्रुवारीला दक्षिण कॅरोलायनाच्या किनाऱ्याबाहेर एफ-22 विमानाने एका क्षेपणास्त्राने तो पाडला. पुढे जूनमध्ये पेंटागॉननेच सांगितले की अमेरिकेवरून जाताना त्याने माहिती गोळा केली नव्हती. तोवर दोन देशांच्या परराष्ट्रमंत्र्यांची ठरलेली भेट लांबली होती.

उपग्रह असताना फुगा कशाला, हा प्रश्न तेव्हा सगळ्यांनीच विचारला. उत्तर साधे आहे. हेरगिरीचा उपग्रह काहीशे किलोमीटरवरून सेकंदाला साडेसात किलोमीटर वेगाने निघून जातो, आणि तो केव्हा डोक्यावर येणार हे शत्रूला आधीच मांडता येते. फुगा वीस किलोमीटरवरून, सावकाश जातो. कॅमेऱ्याला तो जवळ पडतो. जमिनीवरचे अशक्त रेडिओ संदेश त्याला अधिक स्पष्ट ऐकू येतात. प्लास्टिकवरून रडारच्या लहरी फारशा परतत नाहीत, इंजिन नसल्याने उष्णता नाही. सुकाणू नसले तरी निरनिराळ्या उंचीवर वारे निरनिराळ्या दिशेने वाहतात. थोडे वर, थोडे खाली करत हवा तो वारा पकडता येतो. गूगलच्या घराण्यातल्या लून प्रकल्पाने इंटरनेट पुरवण्यासाठी हीच युक्ती वापरली आणि त्यांचा एक फुगा 312 दिवस हवेत राहिला. प्रकल्प 2021 मध्ये गुंडाळला, युक्ती शिल्लक आहे.

पाडायलाही तो चिवट. 1998 मध्ये ओझोन मोजायला सोडलेला कॅनडाचा एक फुगा भरकटला, तेव्हा त्यांच्या लढाऊ विमानांनी त्यावर हजाराहून अधिक गोळ्या झाडल्या. फुगा अटलांटिक ओलांडून निघून गेला. आत आणि बाहेर दाब जवळजवळ सारखाच, त्यामुळे भोकातून वायू हळूहळू झिरपतो; जत्रेतल्या फुग्यासारखा फट्कन फुटत नाही.

हेरफुग्यांचा इतिहास तसा हास्यास्पद अपयशांनी भरलेला आहे. 1956 च्या थंडीत अमेरिकेने ‘जेनेट्रिक्स’ या नावाने युरोप आणि तुर्कस्तानातून पाचशेहून अधिक कॅमेरेवाले फुगे सोव्हिएत भूमीवर सोडले. त्यांतले फारच थोडे हाती आले. बाकीच्यांतले बरेच सोव्हिएत हद्दीत पडले, आणि मॉस्कोने ते पत्रकारांसमोर मांडून ठेवले. तेव्हाही अमेरिकेचा खुलासा हवामान संशोधनाचाच होता. चीनने 67 वर्षांनी तोच खुलासा केला, तेव्हा वॉशिंग्टनमधल्या जुन्या मंडळींना गंमत वाटली असेल.

खुलताबादपासून तीसेक किलोमीटरवर, चिकलठाणा विमानतळावर हवामान खात्याचे केंद्र आहे. वरच्या हवेच्या निरीक्षणासाठी तिथून सोडले जाणारे रबरी फुगे याच जातीचे, पण अगदी धाकटे. त्यांना लटकवलेली छोटी डबी तापमान, आर्द्रता आणि दाब खाली कळवत राहते. शेवटी फुगा फुटतो, डबी एखाद्या कपाशीत पडते. जगभरातली अशी केंद्रे साधारण एकाच घटकेला फुगे सोडतात आणि आकडे एकमेकांना देतात. वाकेनवीसी याहून उघड काय असणार?

हैदराबादच्या फुग्यांचे मूळ मुंबईत आहे. विश्वकिरण मोजायचे तर वातावरणाच्या दाट थरांच्या वर जायला हवे, म्हणून होमी भाभांनी फुगे उडवायला सुरुवात केली. अडचण होती थंडीची. विषुववृत्ताजवळच्या प्रदेशात सतरा-अठरा किलोमीटरवर तापमान उणे 80 अंशांपर्यंत उतरते आणि साधे पॉलिथिन काचेसारखे तडकते. ती थंडी सोसणारा पापुद्रा संस्थेने स्वतः घडवला.

20 एप्रिल 2005 चे उड्डाण मराठी वाचकाला जवळचे वाटावे. जयंत नारळीकर आणि सहकाऱ्यांना पाहायचे होते की इतक्या उंचीवर जीव आहेत का. साडेसात लाख घनमीटरच्या फुग्याखाली 459 किलोचे उपकरण, त्यात निर्जंतुक करून हवा काढून घेतलेल्या स्टीलच्या नळ्या, त्या द्रवरूप निऑनमध्ये बुडवलेल्या. निऑनच्या थंडीने बाहेरची विरळ हवा नळीत ओढली जाऊन गोठायची. 20 ते 41 किलोमीटरदरम्यान वेगवेगळ्या उंचीवर एकेक नळी उघडली, मिटली, आणि सगळे पॅराशूटने खाली आले. नमुने हैदराबाद आणि पुणे इथल्या दोन प्रयोगशाळांनी वेगवेगळे तपासले. जिवाणूंच्या 12 आणि बुरशीच्या 6 वसाहती मिळाल्या. तीन जिवाणू जाती पूर्वी कुणी नोंदवलेल्या नव्हत्या. त्यांतल्या एकीला नारळीकरांचे गुरू फ्रेड हॉईल यांचे नाव दिले गेले. हे जीव अंतराळातून आले की जमिनीवरून वर गेले, ते मात्र या नळ्यांनी सांगितले नाही.

आता त्या 459 किलोंच्या जागी कॅमेरे आणि अँटेना कल्पून पाहा. फुग्यात काही बदलावे लागत नाही. बाहेरून पाहणाऱ्याला तो ओळखूही येणार नाही.

म्हणूनच पत्रकातल्या त्या कंटाळवाण्या यादीला महत्त्व आहे. डिसेंबर 2022 मध्ये एका स्पॅनिश कंपनीची प्रवासी-कुपीची चाचणी हैदराबादच्याच तळावरून झाली आणि ती अजस्र कुपी विकाराबाद जिल्ह्यातल्या एका गावच्या शेतात उतरली. लोकांनी तिला परग्रहावरचे यान ठरवले, माणसांची रीघ लागली. खुलासा आला आणि भीतीची जत्रा झाली. त्याच वर्षी, 2 एप्रिलला, ऐन गुढीपाडव्याच्या संध्याकाळी राज्याच्या अनेक जिल्ह्यांतून आकाशात जळत्या रेघा दिसल्या आणि चंद्रपूरच्या सिंदेवाही तालुक्यात धातूचे मोठे कडे कोसळले. चिनी अग्निबाणाचा तो अवशेष असावा असा निष्कर्ष निघाला, पण कुणी आधी कळवले नव्हते. 2024 च्या पावसाळ्याच्या सुरुवातीला बीड, जालना, पैठण भागात रात्री ड्रोन घिरट्या घालतात अशी बोलवा उठली. गावोगाव लोक काठ्या घेऊन गस्त घालू लागले, विषय विधिमंडळात गेला. ड्रोन विकाराबादच्या कुपीहून कितीतरी लहान. भीती मात्र मोठी, कारण ते कुणाचे हे सांगणारे कुणी पुढे आले नाही.

कायदा इथे फारसा मदतीला येत नाही. 1944 च्या शिकागो करारानुसार प्रत्येक देशाचे आपल्या आकाशावर पूर्ण सार्वभौमत्व आहे, म्हणून परवानगीशिवाय आलेला फुगा घुसखोर. उपग्रहाला मात्र परवानगी लागत नाही. तोच कॅमेरा पाचशे किलोमीटरवर निर्दोष, वीस किलोमीटरवर गुन्हेगार.

भारतालाही हे प्रश्न आता परके नाहीत. जानेवारी 2022 मध्ये पोर्ट ब्लेअरवर एक पांढरी वस्तू तरंगताना लोकांनी पाहिली, तिचे फोटो काढले. वर्षभराने अमेरिकेतले प्रकरण घडल्यावर ते फोटो पुन्हा बाहेर आले. 2024 मध्ये हवाई दलाने पूर्वेकडे 55 हजार फुटांवर फुग्यासारखे लक्ष्य राफेलकडून पाडून पाहिल्याच्या बातम्या आल्या. आणि 3 मे 2025 रोजी मध्य प्रदेशातल्या श्योपूरहून संरक्षण संशोधन संस्थेने उंचावर तरंगणारे आपले पहिले फुग्यासारखे हवाई जहाज सोडले. आग्र्याच्या प्रयोगशाळेत घडलेले ते जहाज सुमारे 17 किलोमीटर उंचीवर पोहोचले आणि 62 मिनिटे उडाले. ते टेहळणीसाठीच आहे, हे सरकारने चाचणीनंतर लगेच जाहीर केले. उद्या ही जहाजे आठवडेच्या आठवडे एका जागी थांबू लागली, तर ती कोणत्या जिल्ह्यावर आहेत याचे पत्रक निघणार नाही, आणि खुलताबादच्या तहसील कार्यालयाकडे चौकशी केली तर तिथेही त्याची नोंद नसेल.