साठ हजारांत सेकंदाला साठ चित्रं

2023 च्या दिवाळीच्या सुट्टीत माझी भाची मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून कॉम्प्युटरची चार कोटेशनं घेऊन आली. बजेट साठ हजार, मॉनिटर घरातलाच, आणि काम एकच, गेम खेळणं. चारही कागदांवर प्रोसेसर तालेवार होता, कॅबिनेट काचेचं होतं, पंख्यांत रंगीत दिवे होते आणि ग्राफिक कार्डाच्या वाट्याला उरलेसुरले पैसे आले होते.

"मामा, यातलं कुठलं घेऊ?"

म्हटलं, कुठलंच नको. आधी पडद्यावर एक चित्र कसं उमटतं ते बघू, मग पैसे कुठे घालायचे ते आपोआप कळेल.

घरातला मॉनिटर साधा आहे. आडवे 1920 आणि उभे 1080 ठिपके, आणि सेकंदाला साठ वेळा बदलणारं चित्र. म्हणजे एका चित्राच्या वाट्याला 16.7 मिलिसेकंद येतात. पापणी एकदा मिटून उघडायलासुद्धा याच्या निदान सहापट वेळ लागतो. तेवढ्यात 20,73,600 ठिपक्यांतल्या प्रत्येकाचा रंग नव्याने ठरवायचा. सिनेमातलं चित्र आधीच काढून ठेवलेलं असतं. गेममध्ये तुम्ही मान डावीकडे वळवलीत की भिंत, भिंतीची सावली, डबक्यातलं तिचं प्रतिबिंब हे सगळं त्या क्षणी हिशेब करून काढावं लागतं. सेकंदाला बारा कोटींहून जास्त ठिपके! फोर-के मॉनिटर आणलात तर हेच काम बरोबर चौपट होतं. म्हणून खरेदीची यादी मॉनिटरपासून सुरू करायची. साठ वेळा बदलणाऱ्या पडद्यासाठी दीडशे चित्रं काढणारं यंत्र घेणं म्हणजे चार माणसांच्या घरात लग्नाचं पातेलं आणणं.

आता या 16.7 मिलिसेकंदांत कोण काय करतं? प्रोसेसर ठरवतो की शत्रू कुठे उभा आहे, गोळी कुठे लागली, दार उघडं की बंद. प्रश्न वेगवेगळे, एकाच्या उत्तरावर दुसरा अवलंबून. त्यासाठी थोडेच पण हुशार कोअर, म्हणजे हिशेब करणारे भाग, लागतात. ठरलेलं सगळं तो ग्राफिक कार्डाकडे सोपवतो, आणि तिथे कोकणातली भातलावणी सुरू होते. चिखलात बायांची रांग उभी असते, सगळ्या एकदम वाकतात, रोप खोचतात, एक पाऊल मागे येतात. कुणी वेगळं काही करत नाही, म्हणूनच शेत झपाट्याने उरकतं. आम्ही शेवटी घेतलेल्या रेडिऑन आरएक्स 6600 मध्ये असे 1792 छोटे गणक आहेत आणि ते बहुतेक वेळा बत्तीस-बत्तीसच्या रांगेने, एकाच हुकमावर चालतात. हुकूम एक, ठिपके बत्तीस.

आता पैशांचं. ग्राफिक कार्ड एक चित्र रंगवत असतं तेव्हा प्रोसेसर पुढच्या चित्राची तयारी करत असतो. समजा प्रोसेसरला दहा मिलिसेकंद लागतात आणि कार्डाला वीस. मग पडद्यावर सेकंदाला पन्नासच चित्रं येणार. दुप्पट वेगाचा प्रोसेसर आणा, तरी पन्नासच! वाढवलेले दहा-बारा हजार तिथे नुसते हात बांधून बसतात. भाचीच्या चारही कागदांत नेमकं हेच झालं होतं. व्हॅलरंटसारख्या हलक्या गेममध्ये उलटं होतं, तिथे कार्ड मोकळं राहतं आणि प्रोसेसरची दमछाक होते. पण तो गेम साठ चित्रं तर कशावरही काढतो. आमचा हिशेब ठरला तो असा : सर्वांत मोठा वाटा, वीस-एकवीस हजार, कार्डाला. प्रोसेसरला बारा. दिव्यांना शून्य. (या शेवटच्या कलमावर घरात बरीच चर्चा झाली.)

बारा हजारांत मिळाला रायझन 5 5600. हा हातात घेतला तेव्हा मी खरोखर गप्प झालो. चाळीस मिलिमीटरचा चौकोन, खाली सोन्याचा मुलामा दिलेल्या 1331 पिना, आणि पोटात नखाएवढा सिलिकॉनचा तुकडा, ज्यावर 415 कोटी ट्रान्झिस्टर आहेत. तो बनतो तैवानमध्ये, 300 मिलिमीटर व्यासाच्या गोल चकतीवर. एका चकतीत असे सातशेहून जास्त तुकडे बसतात. आणि खरी गंमत म्हणजे 5600 सहा कोअरचा म्हणून विकतात, पण या तुकड्यावर कोअर सहा नाहीत, आठ आहेत.

रत्नागिरीत एकाच बागेतला आंबा उतरवतात आणि मग निवडायला बसतात. मोठं फळ चार डझनी पेटीत, त्याहून लहान पाच डझनी, सहा डझनी. डागी आंबा कुणी फेकत नाही, डाग कापून त्याचा रस काढतात. चिपच्या कारखान्यात हेच चालतं. इतक्या बारीक नक्षीत कुठेतरी खोट राहणारच. आठही कोअर ठणठणीत निघाले तर तो तुकडा रायझन 7 5800 एक्समध्ये जाऊ शकतो. एखादा कोअर रुसलेला असेल तर दोन कायमचे बंद करून तोच तुकडा 5600 म्हणून विकतात. उरलेल्या सहा कोअरना त्या डागाचा पत्ताही नसतो, आणि 32 मेगाबाइटचा कॅशे, म्हणजे चिपवरचीच जवळची साठवण, तर दोघांनाही सारखाच. इंटेलच्या ज्या प्रोसेसरांच्या नावाशेवटी 'एफ' असतं, त्यांचं अंगचं ग्राफिक्स बंद ठेवलेलं असतं. ग्राफिक कार्ड वेगळं घेणाऱ्याचं त्यावाचून काही अडत नाही आणि किंमत कमी होते.

बंद केलेला प्रत्येक कोअर खराबच असतो असंही नाही. स्वस्त मालाला मागणी जास्त असली की धडधाकट कोअरही बंद केले जातात. 2009 मध्ये एएमडीचे तीन कोअरचे फेनॉम टू बाजारात होते. काही मदरबोर्डांच्या बायॉसमध्ये (बोर्डावरच्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये) एक सेटिंग बदललं की त्यांतल्या कित्येकांचा चौथा कोअर जागा व्हायचा. लोक अक्षरशः लॉटरीच्या तिकिटासारखे ते प्रोसेसर घेत. आता ती पळवाट बंद झाली आहे.

हा 5600 भरात असला की सेकंदाला 440 कोटी ठोके घेतो. एका ठोक्याच्या वेळात प्रकाशसुद्धा सातेक सेंटीमीटरच जातो, म्हणजे साधारण बोटभर अंतर. रॅम तेवढ्यावरच उभी असते, पण तिथून काही मागवून हाती पडेपर्यंत तीनशेच्या आसपास ठोके उलटतात. तो कॅशे पोटात असतो तो या वाट पाहण्याचा कंटाळा वाचवायला. कधी मदरबोर्ड उजेडात तिरका धरून बघा. प्रोसेसर आणि रॅम यांच्यामधल्या काही तारा सरळ न जाता नागमोडी वळणं घेतात. ती नक्षी हौसेची नाही. जवळच्या तारेतून निघालेला संदेश दूरच्याच्या आधी पोहोचू नये म्हणून जवळच्या तारेला मुद्दाम फिरवून आणलेलं असतं.

रॅम घेताना एक सोळा गिगाबाइटची पट्टी न घेता आठ-आठच्या दोन घ्याव्यात. दोन पट्ट्या म्हणजे दोन रस्ते. डीडीआर 4 च्या 3200 वेगाच्या रॅमला एका रस्त्याने सेकंदाला 25.6 गिगाबाइट नेता येतात, दोघांनी मिळून 51.2. आणि पट्ट्या लावल्यावर बायॉसमध्ये एक्सएमपी चालू करायला विसरू नये, नाहीतर 3200 चे पैसे भरून ती रॅम बहुधा त्याहून मंद चालत राहते. डिस्कबद्दल एवढंच की एसएसडी घ्या. फिरत्या हार्ड डिस्कला नुसती तबकडी योग्य जागी येण्यासाठी सरासरी चार मिलिसेकंद थांबावं लागतं, आणि चार मिलिसेकंद म्हणजे एका चित्राचा चौथा हिस्सा.

लोक जिथे हमखास हात आखडतात ते म्हणजे एसएमपीएस, वीज पुरवणारा डबा. दुकानदार म्हणतो, कॅबिनेटबरोबर फुकट येतो, घ्या. घेऊ नका. एक साधं गणित करून बघा. घरातला दोन हजार वॉटचा गीझर 230 व्होल्टवर नऊ अँपिअरही ओढत नाही. प्रोसेसरचा हा नखाएवढा तुकडा चालतो एक-सव्वा व्होल्टवर, आणि 65 वॉट खाताना त्याच्याकडे पन्नासच्या आसपास अँपिअर धावत असतात! ग्राफिक कार्डाच्या चिपकडे त्याहून जास्त. भिंतीतली वीज एसएमपीएस बारा व्होल्टवर आणतो, पुढचं काम प्रोसेसरभोवतीचं बोर्डावरचं सर्किट करतं, आणि मागणी मिलिसेकंदागणिक वरखाली होत असते. या साखळीची पहिली कडी फुकटातली असून कशी चालेल? आम्ही 550 वॉटचा, ब्राँझ शिक्क्याचा घेतला, आणि जीएसटीचं बिल मागून घेतलं. बिलाशिवाय दोन-चारशे वाचवणाऱ्याला वॉरंटीच्या वेळी दुकानात कुणी ओळखत नाही.

कार्ड एवढ्या किमतीत मिळालं, यात नशिबाचाही भाग होता. 2021 मध्ये ग्राफिक कार्ड छापील किमतीला मिळणं दुरापास्त होतं, कारण हेच 'भातलावणी'चं यंत्र इथेरियम हे आभासी चलन मिळवायलाही कामी येत होतं आणि ते चलन 'खणणारे' लोक कार्डं उचलून नेत होते. 15 सप्टेंबर 2022 ला इथेरियमने ती पद्धतच सोडली. आमचं कार्ड त्यानंतरच्या बाजारातलं.

सगळं जोडायला दुपार गेली. बटण दाबलं, पंखे फिरले, आणि पडदा काळा. रॅम काढून घातली, कार्ड काढून घातलं, मी मनात वॉरंटीचा अर्जही लिहायला घेतला. शेवटी भाचीनेच मागे वाकून पाहिलं. मी मॉनिटरची केबल ग्राफिक कार्डाऐवजी मदरबोर्डाच्या एचडीएमआय पोर्टमध्ये खोचली होती, आणि 5600 ला अंगचं ग्राफिक्स नसल्यामुळे तिथून काही येणं शक्यच नव्हतं. त्या पोर्टवर आता आम्ही चिकटपट्टी लावून ठेवली आहे.