नव्या मोटारीची वाट पाहतांना

दर कांहीं वर्षांनीं एखाद्या लोकप्रिय मोटारीचें नवें रूप लवकरच बाजारांत येणार, अशी वार्ता पसरते आणि घरोघरीं तिची चर्चा सुरू होते. काळ्या-पांढऱ्या नागमोडी नक्षीच्या आवरणानें अंग झांकलेली एखादी गाडी रस्त्यावर परीक्षेसाठीं फिरतांना कोणाच्या तरी दृष्टीस पडते, तिचें छायाचित्र सर्वत्र पोंचतें, आणि तेवढ्यावरून आमचे विद्यार्थी दिव्यांचा आकार, चाकांची घडण व आंतील पडद्याची रुंदी यांविषयीं वाद घालूं लागतात. पालकांपुढें प्रश्न निराळा असतो. आज मिळते ती गाडी घ्यावी, कीं नवीची वाट पाहावी? सामान्य कुटुंबांत घराच्या खालोखाल मोठी खरेदी मोटारीचीच असते, आणि त्या मोटारींत बसणार असतात आपलीं मुलेंबाळें. म्हणून नवें रूप म्हणजे नेमकें काय, आणि त्याची पारख कशी करावी, याचा थोडा विचार येथें करावयाचें आम्ही योजिलें आहे.

ज्या लहान मोटारीस हॅचबॅक म्हणतात, तिची खूण सोपी आहे. तिला मागें लांब पेटी नसते. मागचें दार कांचेसकट वर उचललें जातें, आणि सामानाची जागा व बसण्याची जागा एकाच छताखालीं असते. त्यामुळें गाडी आखूड राहते, गल्लींत सहज वळते, आणि मागचें आसन दुमडलें म्हणजे धान्याचें पोतेंहि तींत मावतें. आपल्या देशांत मध्यम स्थितींतील कुटुंबांनीं याच जातीची गाडी फार मोठ्या प्रमाणावर पत्करली, यांत नवल नाहीं.

अशा गाडीचें रूप दोन प्रकारांनीं बदलतें. पहिल्या प्रकारांत केवळ मुखडा बदलतो. पुढील जाळी, दिवे, बंपर व आसनांचीं कापडें नवीं येतात. बंपर प्लास्टिकचे असल्यामुळें त्यांचे साचे बदलणें तुलनेनें स्वस्त पडतें. दुसऱ्या प्रकारांत गाडीचा पोलादी सांगाडा, इंजिन, ब्रेक व चाकांची जोडणी हींच नव्यानें आंखलीं जातात. पत्रा दाबून घडविण्याचे अवजड पोलादी साचे त्यासाठीं पुनः करावे लागतात, आणि या कामीं कित्येक वर्षें व शेंकडों कोटी रुपये खर्ची पडतात. बाहेरून पाहणारास हे दोन्ही बदल सारखेच नवे भासतात, आणि दोहोंची जाहिरातहि सारख्याच उत्साहानें होते. सुज्ञ ग्राहकानें पहिला प्रश्न विचारावयाचा तो हाच कीं, बदल कोठवर खोल गेला आहे?

यंत्राच्या सुधारणेची पारख कशी करावी, याचा एक उत्तम धडा चरख्याच्या इतिहासांत सांपडतो, आणि तो वर्धेकरांस परका नाहीं. १९२९ सालीं अखिल भारतीय चरखा संघानें सुधारलेल्या चरख्यासाठीं १ लक्ष रुपयांचें बक्षीस जाहीर केलें. यंत्र दिसावयास कसें असावें, याचा त्या जाहिरनाम्यांत विशेष विचार नव्हता. अटी होत्या त्या वापराच्या. चरखा खेड्यांतील झोंपडींत चालला पाहिजे. साधारण स्त्रीस तो ८ तास फारसे श्रम न होतां चालवितां आला पाहिजे. त्याची किंमत १५० रुपयांहून अधिक नसावी. तो २० वर्षें टिकावा. आणि वर्षाच्या दुरुस्तीचा खर्च किंमतीच्या शेंकडा ५ हून अधिक नसावा. या सर्व अटी पुऱ्या करणारें यंत्र न आल्यामुळें तें बक्षीस कोणासहि मिळालें नाहीं. अटी सैल करून एखाद्या देखण्या यंत्रास तें देतां आलें असतें. पण तसें झालें नाहीं. पुढें ३० डिसेंबर १९३८ रोजीं महात्मा गांधींच्या हस्तें वर्धा येथें मगन संग्रहालय उघडलें गेलें. ग्रामोद्योगांचीं साधनें तेथें मांडलेलीं आहेत. तीं पाहतांना विद्यार्थ्यांनीं प्रत्येक साधनापुढें हा प्रश्न मनांत आणावा: या बदलानें वापरणाराचें काय हलकें झालें?

आतां त्याच तारखेस, बरोबर ६० वर्षांनीं, आपल्याच महाराष्ट्रांत काय घडलें तें पाहूं. ३० डिसेंबर १९९८ रोजीं पुण्याजवळील पिंपरीच्या कारखान्यांत तयार झालेली इंडिका ही मोटार टेल्को कंपनीनें विक्रीस काढली. हीच कंपनी २००३ पासून टाटा मोटर्स या नांवानें ओळखली जाऊं लागली. मालगाड्या बांधणाऱ्या या कंपनीनें भारतांतच आंखलेली पहिली कुटुंबाची मोटार करण्याचें मनावर घेतलें होतें. तिचे प्रमुख रतन टाटा यांनीं अटी आधीं सांगितल्या होत्या: मारुति झेन गाडीएवढा आकार, अँबॅसेडरएवढी आंतील जागा, मारुति ८०० च्या जवळपासची किंमत, आणि डिझेलवर चालण्याचा कमी खर्च. बाह्य रूप घडविण्यास इटलींतील तुरीन शहरच्या आय.डी.ई.ए. या संस्थेचें साहाय्य घेतलें. निसान कंपनीचा ऑस्ट्रेलियांतील बंद पडलेला कारखाना सुटा करून जहाजांनीं पुण्यास आणला. सुमारें १,७०० कोटी रुपये या उद्योगांत घातले गेले.

लोकांनीं वाट पाहिली होती, ती व्यर्थ गेली नाहीं असें प्रथम वाटलें. थोड्याच दिवसांत लाखाहून अधिक मागण्या आल्या. परंतु गाड्या रस्त्यावर आल्या, तशा तक्रारीहि आल्या. आवाज फार होतो, अंग थरथरतें, टायर लवकर झिजतात, असें ग्राहक सांगूं लागले. २०००–०१ या वर्षीं कंपनीस सुमारें ५०० कोटी रुपयांचा तोटा आला. येथें दोन मार्ग मोकळे होते. मुखडा बदलून नव्या नांवानें तीच गाडी पुनः विकतां आली असती. कंपनीनें दुसरा मार्ग धरला. रूप बहुतांशीं तेंच ठेवून तिनें तक्रारींचें मूळ शोधलें, इंजिनांत व धक्के सोसणाऱ्या जोडणींत सुधारणा केली, आणि २००१ सालीं इंडिका व्ही-२ बाजारांत आणली. पाहणारास ती जुनीच वाटली. चालविणारास ती नवी होती. त्या गाडीनें कंपनीस पुनः उभें केलें. २००८ मध्यें इंडिका व्हिस्टा ही अगदीं निराळी आवृत्ति निघाली, २०१६ मध्यें टियागो ही नवी लहान गाडी आली, आणि २०१८ मध्यें इंडिकाचें उत्पादन थांबलें.

मारुतीची स्विफ्ट ही दुसरी लोकप्रिय गाडी. भारतांत ती २००५ मध्यें आली, आणि २०११, २०१८ व २०२४ मध्यें तिचीं नवीं रूपें निघालीं. २०२४ च्या रूपांत लोकांचें लक्ष दिव्यांवर व मोठ्या पडद्यावर गेलें. पण खरी नवी गोष्ट न दिसणारी होती. पूर्वीच्या ४ सिलिंडरांच्या इंजिनाच्या जागीं ३ सिलिंडरांचें इंजिन आलें, आणि परीक्षेंत हातानें गिअर बदलण्याच्या गाडीचें अंतर लिटरला २२.३८ किलोमीटरांवरून २४.८० वर गेलें. तसेंच सहा हवेच्या उशा, ज्यांस एअरबॅग म्हणतात, त्या अगदीं स्वस्तांतील गाडींतहि देण्यांत आल्या. पूर्वीं अशी सोय बहुधा महाग गाडीच्या खरेदीदारासच लाभे. गरिबाच्या व श्रीमंताच्या मुलाचें डोकें सारखेंच नाजूक असतें, हें ध्यानांत घेतलें म्हणजे या एका बदलाचें मोल कळतें.

सुरक्षिततेचा प्रश्न आमच्या जिल्ह्यांत आतां अधिकच निकडीचा झाला आहे. नागपूर ते मुंबई हा ७०१ किलोमीटरांचा समृद्धि महामार्ग वर्धा जिल्ह्यांतून जातो. त्याचा नागपूर–शिर्डी हा भाग ११ डिसेंबर २०२२ रोजीं व संपूर्ण मार्ग ५ जून २०२५ रोजीं खुला झाला. आमच्या वरच्या वर्गांतील विद्यार्थी जाणतात कीं, गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते. ताशीं ६० ऐवजीं १२० किलोमीटरांनीं गाडी गेली, तर वेग दुप्पट होतो, पण ऊर्जा चौपट होते. आणि तोच ब्रेक तितक्याच जोरानें दाबला, तर गाडी थांबण्यास चौपट अंतर लागतें. एवढें एक गणित समजलें, तरी कोणत्या नव्या सोयीस महत्त्व द्यावें तें कळतें. चाक जागच्या जागीं अडकून गाडी घसरूं नये म्हणून ब्रेक क्षणोक्षणीं सोडणारी व धरणारी एबीएस ही योजना, वळणावर गाडी भरकटूं लागतांच एखाद्या चाकास स्वतंत्रपणें ब्रेक लावणारी ईएसपी ही योजना, आणि शाबूत टायर, हीं रंगीत पडद्याच्या आधीं मोजावीं. हवेची उशी डोळ्याचें पातें लवण्यापूर्वीं फुगते खरी. परंतु पट्टा बांधलेला नसेल, तर तीच उशी इजा करूं शकते. ऑक्टोबर २०२३ पासून भारत एनसीएपी या नांवानें आपल्याकडे मोटारी आपटून पाहण्याची परीक्षा सुरू झाली असून तींत ५ पर्यंत तारे दिले जातात. विक्रेत्यास रंग विचारण्याआधीं तारे किती, हें विचारावें.

विजेच्या गाडीविषयीं आज सर्वाधिक कुतूहल आहे. २०२२ मध्यें टियागोची विजेवर चालणारी आवृत्ति निघाली, तेव्हां हा प्रश्न लहान गाडीच्या खरेदीदारापर्यंत येऊन पोंचला. तिच्या मोठ्या बॅटरींत २४ किलोवॉट-तास वीज मावते. हा शब्द अवघड वाटूं नये; घराच्या मीटरवरील एक युनिट म्हणजेच एक किलोवॉट-तास. अर्थात् ती बॅटरी भरावयास २४ युनिटें व थोडी अधिक वीज लागेल, आणि घरच्या १५ अँपिअरच्या जोडणीवर साधारण एक रात्र जाईल. आपल्या घरीं युनिटाचा दर काय, हें वीजबिलावरून पाहून मुलांनीं हा खर्च स्वतःच काढावा. आणखी एक मौज अशी कीं, ब्रेक दाबतांच या गाडीची मोटर डायनामोप्रमाणें काम करूं लागते आणि वाया जाणाऱ्या शक्तीचा कांहीं भाग बॅटरींत परत घालते. मात्र कंपनीनें सांगितलेलें अंतर ठराविक परीक्षेंतील असतें. आमच्या उन्हाळ्यांत पारा ४५ अंशांवर चढतो, तेव्हां गारव्याचें यंत्रहि त्याच बॅटरीवर चालावयाचें, हें विसरून चालणार नाहीं.

तेव्हां चरख्याच्या अटींप्रमाणें प्रत्येक कुटुंबानें आपल्या अटी कागदावर लिहून काढाव्या, असें आम्ही सुचवितों. गाडी रोज किती अंतर जाणार? आर्वीच्या काळ्या मातीच्या रस्त्यांतून पावसाळ्यांत नेतां येईल इतकी ती जमिनीपासून उंच आहे काय? हिंगणघाटास बिघडली, तर तेथील मेकॅनिकास ती उघडतां येईल काय, कीं सुट्या भागासाठीं नागपुरास जावें लागेल? दहा वर्षांत दुरुस्ती व इंधन यांचा खर्च किती? मागें बसणाऱ्या लहानग्यांस पूर्ण पट्टे आहेत काय? नवी आवृत्ति या अटींस अधिक उतरत असेल, तर सहा महिने थांबण्यांत शहाणपण आहे. ती केवळ मुखडा बदलून येत असेल, तर आज मिळणारी गाडी कांहीं सवलतीनें घेण्यांत कमीपणा नाहीं. आणि पहिल्याच महिन्यांत धांव घेण्यापेक्षां इतरांचा अनुभव ऐकून घ्यावा, हें तर इंडिकाच्या कथेनेंच शिकविलें आहे.

विद्यार्थीमित्रांनो, तुमच्यांपैकीं कोणी पुढें एखाद्या कारखान्यांत नकाशे काढावयास बसेल. त्या दिवशीं गाडीच्या मुखड्यावर सारी बुद्धि खर्चूं नका. मागच्या आसनावर झोंपी गेलेलें मूल घरीं सुखरूप पोंचावें, ही अट सर्वांच्या आधीं लिहा. आणि तोंवर, जी गाडी तुमच्या घरीं आहे तिचा पट्टा बांधल्यावांचून निघूं नका.