एका भाषेत वाचा, दुसऱ्या भाषेत सांगा

मुलांना रविवारच्या मराठी शाळेत सोडून गाडीत हा कार्यक्रम ऐकणारे बरेच पालक आहेत. म्हणून आज विषय शाळेचाच, पण शिकणाऱ्यांचा नाही, शिकवणाऱ्यांचा.

इथल्याच एका वर्गात मध्यंतरी एक डबा ठेवला होता. तोंडातून इंग्रजी शब्द निघाला की डब्यात दहा पेन्स टाकायचे. हेतू चांगलाच होता. पण तीन आठवड्यांत डब्यात पैसे पडायचे थांबले, कारण मुलं बोलायचीच थांबली. मराठी शब्द आठवत नाही, इंग्रजी चालत नाही. मग गप्प बसणं सगळ्यात स्वस्त!

हा पेच आपल्या शेजारी वेल्समध्ये आपल्या कितीतरी आधी आला. एकोणिसाव्या शतकात तिथल्या अनेक शाळांत वेल्श बोलणाऱ्या मुलाच्या गळ्यात 'वेल्श नॉट' नावाची लाकडी पट्टी अडकवायचे. दुसरं कुणी वेल्श बोललं की पट्टी त्याच्या गळ्यात जायची आणि दिवस संपताना ज्याच्याकडे असेल त्याला छडी. त्यामुळे पुढे वेल्श माध्यमाच्या शाळा निघाल्या तेव्हा शिक्षकांनी इंग्रजी दाराबाहेर ठेवली, यात नवल नाही. पण मुलांच्या डोक्यात तर दोन्ही भाषा होत्या.

१९८०च्या दशकात लॅन्डिड्नो या समुद्रकाठच्या गावी उपमुख्याध्यापकांचं प्रशिक्षण चालू होतं. तिथे केन विल्यम्स आणि त्यांचे सहकारी यांनी एक शब्द घडवला: 'ट्रॉसिएथी'. आज जगभर 'ट्रान्सलँग्वेजिंग' म्हणून गाजणारा शब्द तो हाच. म्हणजे ही कल्पना शिक्षकांच्या वर्गात जन्मली, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

कल्पना साधी आहे. माहिती एका भाषेतून घ्यायची आणि काम दुसऱ्या भाषेत करायचं. इंग्रजीत वाचा, वेल्शमध्ये चर्चा करा, वेल्शमध्ये लिहा. पुढच्या वेळी उलटं. का? कारण त्याच भाषेत उत्तर द्यायचं असलं की मूल पुस्तकातली वाक्यं इकडची तिकडे करून मोकळं होतं. काही न समजताही ते जमतं. दुसऱ्या भाषेत सांगायचं तर विषय आधी पचवावाच लागतो. पाऊस कसा पडतो हे शाळेत इंग्रजीत शिकलेली मुलगी मराठीत सांगायला लागली की अडखळते. मग म्हणते, "पाण्याची वाफ होते, वर जाते, थंड होते." 'बाष्पीभवन' हा शब्द तिला तेव्हा द्यावा. आता तो ठेवायला तिच्याकडे जागा आहे.

याचा अर्थ वर्गात वाटेल तशी खिचडी चालेल, असा नाही. कोणती भाषा कधी आणि कशासाठी, हे शिक्षकाने आधी ठरवायचं असतं. आणि विल्यम्स यांचीच एक सूचना पुढे बरेच जण विसरले: ही पद्धत दोन्ही भाषा बऱ्यापैकी येणाऱ्यांसाठी आहे, भाषेची नुकती सुरुवात करणाऱ्यांसाठी तितकीशी नाही. नवख्या मुलांना आधी भाषा भरपूर कानावर पडायला हवी. ग्विनेदमध्ये बाहेरून आलेल्या मुलांसाठी त्याकरता वेगळी भाषा केंद्रंच आहेत.

आपल्या रविवारच्या वर्गात मात्र ही दोन्ही प्रकारची मुलं एकाच बाकावर असतात. समोर उभी राहणारी ताई आठवडाभर आयटीत किंवा दवाखान्यात राबलेली असते. तिला उत्तम मराठी येतं, पण या दोघांना वेगवेगळं कसं शिकवायचं हे तिला कुणी दाखवलेलंच नसतं. तिच्या हातात आपण पाठ्यपुस्तक देतो आणि चहा देतो. वेल्समध्ये २०२१च्या जनगणनेत १७.८ टक्के लोकांनी वेल्श येत असल्याचं सांगितलं. २०५०पर्यंत दहा लाख भाषकांचं उद्दिष्ट आहे आणि गाडी अडते ती शिक्षकांपाशीच. म्हणून तिथलं सरकार नोकरीतल्या शिक्षकांना वेल्श शिकायला शाळेतून मोकळं करतं आणि बदली शिक्षकाचा खर्च उचलतं. आपल्या मंडळांना एवढं झेपणार नाही. पण स्नेहसंमेलनाच्या खर्चातून वर्षात दोन शनिवार शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी काढता येतील की!

तोवर घरी एक करून बघा. मुलाने या आठवड्यात शाळेत इंग्रजीतून जे वाचलं, ते आजीला फोनवर मराठीत सांगू दे. आजी काहीतरी विचारेलच. तो प्रश्न त्याने इंग्रजीत लिहून सोमवारी शाळेतल्या बाईंना विचारायचा, आणि उत्तर पुन्हा आजीला मराठीत.