संगणकांत शिरलेला हेर

घरांत चोर शिरला तर कुलूप तुटलेलें दिसतें, कपाट उघडें सांपडतें, वस्तु नाहींशा झालेल्या आढळतात. संगणकांत शिरलेल्या हेराची गोष्ट निराळी आहे. तो कांहीं मोडीत नाहीं कीं उचलून नेत नाहीं. जें आहे त्याची नक्कल करून ती इंटरनेटच्या वाटेनें तो आपल्या धन्याकडे पाठवितो. सर्व वस्तु जागच्या जागीं राहतात, म्हणूनच चोरी झाल्याचें मालकाच्या लक्षांत येत नाहीं. असल्या प्रोग्रॅमला ओळखावें कसें आणि कोणत्या क्रमानें त्याचा निकाल लावावा, हे प्रश्न आज प्रत्येक सुशिक्षित कुटुंबापुढें आहेत. कारण बँकेचा व्यवहार, आयकराचीं कागदपत्रें, मुलांचे दाखले आणि घरच्या मंडळींचा पत्रव्यवहार हें सर्व आतां त्या एकाच यंत्रांत येऊन बसलें आहे.

अशा प्रोग्रॅमला ‘ट्रोजन’ म्हणतात. हें नांव ग्रीक कथेवरून आलें. दहा वर्षें वेढा घालूनहि ट्रॉय नगर पडेना, तेव्हां ग्रीकांनीं लांकडाचा एक प्रचंड घोडा वेशीबाहेर ठेवून माघार घेतल्याचें सोंग केलें. नागरिकांनीं तो घोडा स्वतः ओढून आंत नेला आणि रात्रीं त्याच्या पोटांतील योद्ध्यांनीं नगराचे दरवाजे उघडले. संगणकाच्या संबंधांत हें नांव अमेरिकेच्या वायुदलासाठीं जेम्स अँडरसन यांनीं १९७२ सालीं लिहिलेल्या अहवालांत आढळतें. व्हायरस एका फाईलींतून दुसरींत आपण होऊन पसरतो. ट्रोजनला तसें करतां येत नाहीं. त्याला घरांतीलच कोणीतरी आंत घ्यावें लागतें.

तो आंत येतो त्या वाटा फार नाहींत. विकत घ्यावयाचा प्रोग्रॅम फुकट मिळतो म्हणून उतरवून घेतलेली चोरटी प्रत, ही पहिली. कुरिअरची पावती किंवा थकलेलें बिल म्हणून ई-मेलला जोडून आलेली फाईल, ही दुसरी. विंडोजमध्यें फाईलच्या नांवाचा शेवटचा भाग सहसा लपविलेला असतो. त्यामुळें पीडीएफसारखी दिसणारी वस्तु प्रत्यक्षांत प्रोग्रॅम असूं शकते. तिसरी वाट अलीकडची. ‘आपण मनुष्य आहां हें सिद्ध करा’ अशी सूचना पडद्यावर येते आणि विंडोजची कळ व ‘आर’ एकत्र दाबून, कांहीं मजकूर चिकटवून ‘एंटर’ दाबण्यास सांगितलें जातें. चिकटविलेला मजकूर म्हणजे ट्रोजनला आंत बोलावण्याची आज्ञाच होय. कोणतीहि प्रामाणिक संस्था अशा कळा दाबावयास सांगत नाहीं.

आंत आल्यावर तो काय करतो, हें दोन उदाहरणांवरून स्पष्ट होईल. २००७ सालीं प्रसिद्धीस आलेला ‘झ्यूस’ हा बँकेच्या पानावर टाइप होणारें प्रत्येक अक्षर टिपून घेई. त्याचा उपयोग करणाऱ्या एका टोळीनें सुमारें ७ कोटि डॉलर लांबविल्याचें अमेरिकेच्या एफ्.बी.आय्. या तपास-खात्यानें २०१० च्या ऑक्टोबरांत जाहीर केलें. दुसरें उदाहरण ‘लुमा’ या ट्रोजनचें. १६ मार्च ते १६ मे २०२५ या दोन महिन्यांत त्यानें ग्रासलेले ३,९४,००० हून अधिक विंडोज संगणक आढळल्याचें मायक्रोसॉफ्ट कंपनीनें सांगितलें. लुमा अक्षरें टिपीत बसत नाहीं. ब्राउझरमध्यें जपून ठेवलेले सर्व पासवर्ड तो एकदम उचलतो आणि त्यांबरोबर ‘कुकी’ही नेतो. कुकी म्हणजे नाटकाच्या मध्यंतरांत बाहेर जाणाऱ्यास मिळणाऱ्या पासासारखी खूण. ती ज्याच्या हातीं आहे त्याला पुन्हां तिकीट विचारलें जात नाहीं. त्यामुळें चोराला पुष्कळदां पासवर्डहि लागत नाहीं आणि ओटीपीहि लागत नाहीं.

आतां लक्षणांविषयीं. संगणक मंद चालूं लागला म्हणजे हेर शिरला, अशी समजूत आहे. पण मंदपणाचीं कारणें अनेक असतात, आणि चांगला हेर यंत्राला मुळींच मंद करीत नाहीं. अधिक विश्वसनीय खुणा अशा : विंडोजची संरक्षण-व्यवस्था आपोआप बंद पडणें, ब्राउझरमध्यें कोणीं न घातलेलें एक्स्टेंशन दिसणें, अनोळखी ठिकाणाहून आपल्या खात्यांत कोणीतरी प्रवेश केल्याची सूचना येणें. कंट्रोल, शिफ्ट व एस्केप या कळा एकत्र दाबल्या म्हणजे टास्क मॅनेजर उघडतो. त्यांतील ‘स्टार्टअप’ या भागांत संगणकाबरोबर आपोआप सुरू होणाऱ्या प्रोग्रॅमांची यादी असते. ती महिन्यांतून एकदां वाचावी. हेर बहुधा सभ्य नांव धारण करतो. ‘एसव्हीसीहोस्ट’ हें विंडोजच्याच एका भागाचें नांव आहे. पण तो विंडोजच्या ‘सिस्टिम ३२’ फोल्डरांत न सांपडतां ‘डाउनलोड्स’मध्यें सांपडला तर संशय घ्यावा. केवळ नांव अपरिचित आहे म्हणून मात्र कांहीं पुसूं नये. त्यानें निरोगी यंत्र बिघडतें. उलट, ‘आपल्या संगणकांत व्हायरस आहे, या क्रमांकावर फोन करा’ असें ओरडणारें पान हें लक्षण नसून आमिष असतें. तेथें फोन करूं नये, पैसेहि देऊं नयेत.

संशय बळावल्यावर क्रमाला महत्त्व येतें, आणि बहुतेक लोक चुकतात ते येथेंच. घाबरून ते त्याच संगणकावर बसून पासवर्ड बदलतात. म्हणजे नवी किल्ली चोरासमक्षच घडवितात. प्रथम त्या यंत्राचा इंटरनेटशीं संबंध तोडावा, वाय-फाय बंद करावें. नंतर दुसऱ्या, निर्दोष यंत्रावरून आधीं ई-मेलचा, मग बँकेचा व इतर खात्यांचा पासवर्ड बदलावा. ई-मेल आधीं, कारण इतर सर्व किल्ल्या त्या दारांतूनच पुन्हां मागवितां येतात. त्याच वेळीं ‘सर्व उपकरणांवरून बाहेर पडा’ अशी सोय असेल ती वापरावी. तिनें चोराच्या हातांतील पास रद्द होतो. पैसे गेले असल्यास क्षणाचाहि विलंब न लावतां बँकेस व १९३० या सरकारी क्रमांकावर कळवावें.

त्यानंतर यंत्राची तपासणी. विंडोजमध्यें ‘डिफेंडर ऑफलाईन’ तपासणीची सोय आहे. तींत विंडोज पूर्ण सुरू होण्यापूर्वींच शोध घेतला जातो, त्यामुळें हेराला लपण्यास अवसर मिळत नाहीं. सुमारें पाव तास लागतो. भारत सरकारच्या ‘सायबर स्वच्छता केंद्रा’नें २०१७ पासून अशीं साधनें मोफत उपलब्ध केलीं आहेत. हेर सांपडला आणि पुसला गेला, तरी त्यानें आणखी कोणाला आंत घेतलें होतें काय, हें खात्रीनें सांगतां येत नाहीं. म्हणून ज्या यंत्रावर बँकेचे व्यवहार होतात तें यंत्र संपूर्ण पुसून विंडोज नव्यानें बसविणें हाच निर्धोक मार्ग होय. तत्पूर्वीं पत्रें, छायाचित्रें व हिशेब निराळ्या डिस्कवर घ्यावे. प्रोग्रॅम मात्र घेऊं नयेत, ते मूळ ठिकाणाहूनच पुन्हां आणावे. ब्राउझरचीं जुनीं एक्स्टेंशन्सहि परत येऊं देऊं नयेत.

हें सर्व करण्यास एखादा रविवार जातो. पण केवळ हेर पुसून जो गृहस्थ स्वस्थ बसतो, त्यानें चोराला हांकलून दिलें तरी किल्ल्या त्याच्याच खिशांत राहूं दिल्या, असें म्हणावें लागेल. उपाय पूर्ण होतो तो कुलुपें बदलल्यावर. आणि पुढें कोणती फाईल उघडावी, कोणती नाहीं, हें घरांतील वडील मंडळींपासून मुलांपर्यंत सर्वांना एकदां बसून समजावून सांगितल्यावर. कारण वेशीचा दरवाजा घरांतील प्रत्येकाच्या हातीं आहे.